सोने, मोती आणि रत्नांच्या दागिन्यांची निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्ष्मी रस्त्यावर किंवा सोन्या मारुती चौकाच्या परिसरात दागिना घेताना भाव, वजन आणि घडणावळ यांवर तासभर बोलणे होते; तो घरी नेल्यावर कशाने धुवावा, कशात गुंडाळावा आणि कोणाकडून दुरुस्त करून घ्यावा, याविषयी मात्र दोन वाक्येही होत नाहीत. पुण्यातील घरांमधून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

सोन्याला गंज चढत नाही, मग निगा कशाची राखायची?

मराठी घरातला दागिना क्वचितच निव्वळ सोन्याचा असतो. तन्मणी घ्या. त्यात मोत्यांचे सर असतात, ते ओवलेला दोरा असतो, मधल्या खोडात, म्हणजे लोलकात, कोंदणात बसवलेले खडे असतात आणि जुन्या घडणीत त्या खड्यांच्या मागे चकाकीसाठी वर्ख व आधारासाठी लाख असते. सोने शतकभर टिकते, पण दोरा घामाने कुजतो, लाख उष्णतेने मऊ होते, वर्खाला पाणी लागले की तो काळवंडतो आणि मोत्याला आंबट पदार्थ चालत नाही. म्हणून कोणत्याही दागिन्याची निगा त्यातल्या सर्वांत नाजूक भागाला झेपेल अशा रीतीने राखावी. पुढची बहुतेक उत्तरे याच एका नियमातून आलेली आहेत.

आमच्या बांगड्या बावीस कॅरटच्या आहेत, तरी त्या काळपट दिसू लागल्या. सोने खोटे आहे का?

बहुतेक वेळा तसे नसते. बावीस कॅरट सोन्यात ९१.६ टक्के सोने असते आणि उरलेला भाग प्रामुख्याने तांबे व चांदी यांचा असतो. घाम, हवेतील गंधकाची संयुगे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्याशी या दोन धातूंची प्रक्रिया होते आणि पृष्ठभागावर पातळ काळपट थर येतो. अठरा कॅरटमध्ये सोने ७५ टक्केच असल्यामुळे हे अधिक दिसू शकते. शंका असेल तर दागिन्यावरील हॉलमार्क पाहावा : भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यांवर तो असणे बंधनकारक आहे. त्याआधीच्या दागिन्यावर तो नसला तर त्यावरून काही वाईट ठरत नाही. असा दागिना हॉलमार्क केंद्रात शुल्क भरून तपासून घेता येतो.

साधे सोन्याचे दागिने घरी कशाने धुवावेत?

रिठ्याच्या पाण्याने. आजीच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत आजही उत्तम आहे, कारण रिठ्यातील सॅपोनिन तेलकटपणा काढते आणि सोन्याला ओरखडा आणत नाही. दोन-तीन रिठे रात्री भिजत घालावेत, सकाळी ते पाणी गाळून कोमट करावे, दागिने त्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने सांध्यांतला मळ हलकेच काढावा. रिठे नसल्यास भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचे काही थेंबही चालतात. धुण्याचे काम नेहमी वाडग्यात करावे, बेसिनमध्ये कधीही करू नये, आणि पाणी ओतताना खाली चहाची गाळणी धरावी. ज्या सोसायट्यांमध्ये बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येते, तेथे शेवटचे विसळणे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने करावे. अन्यथा क्षारांचे पांढरे ठिपके नक्षीत वाळून बसतात. नंतर मऊ सुती कापडाने टिपून दागिना पंख्याखाली पूर्ण वाळवावा.

ही पद्धत पाटल्या, गोफ, साधी साखळी, वेढणी अशा भरीव किंवा संपूर्ण धातूच्या दागिन्यांसाठी आहे. मोती, दोरा, लाख किंवा कुंदनकाम असलेला दागिना पाण्यात बुडवू नये.

टूथपेस्ट, लिंबू आणि खाण्याचा सोडा यांचे काय?

टूथपेस्टमध्ये दातांवरचा थर घासून काढण्यासाठी बारीक खरखरीत कण घातलेले असतात. शुद्ध सोन्याची कठीणता मोह्स मापनश्रेणीवर अडीचच्या आसपास आहे, म्हणजे हे कण सोन्याला सहज ओरखडतात. चकाकी येते ती नवा पृष्ठभाग उघडा पडल्यामुळे, आणि खरवडलेले सोने पाण्याबरोबर वाहून जाते. कोरड्या सोड्याने घासणेही टाळावे. लिंबू आणि चिंच मोत्याच्या, पोवळ्याच्या किंवा खड्याच्या जवळपासही नेऊ नयेत.

मोत्यांच्या दागिन्यांची निगा वेगळी का असते?

कारण मोती हा खनिज खडा नाही. शिंपल्यातील प्राण्याने थरावर थर चढवून तो तयार केलेला असतो. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते आणि थर एकमेकांना धरून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य असते. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते, सेंद्रिय द्रव्य अति उष्णतेने व कोरडेपणाने सुकते. घाम, अत्तर, परफ्यूम, केसांचा स्प्रे, हळद, आंबट रस या सगळ्यांनी मोत्याचे पाणी उतरते, आणि एकदा गेलेले हे तेज कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. पॉलिश करून वरचा थर काढला जाऊ शकतो, पण त्यात मोती लहान होतो आणि खालचा थर चांगला निघेलच याची खात्री नसते.

म्हणून चिंचपेटी, तन्मणी, मोत्यांच्या कुड्या हे दागिने वेणीफणी, पावडर, अत्तर असे सगळे आटोपल्यावर शेवटी घालावेत आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवावेत. उतरवल्यावर किंचित ओलसर, मऊ सुती फडक्याने एकेक मोती पुसावा आणि दागिना रात्रभर पसरून ठेवून मगच पेटीत ठेवावा. ओल्या दोऱ्यावर ताण आला की तो लांबतो, म्हणून वाळेपर्यंत दागिना खुंटीला टांगू नये. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत मोती वर्षानुवर्षे कोंडून ठेवणे मला मान्य नाही; सुती किंवा रेशमी कापडात सैल गुंडाळून ते डबीत ठेवावेत आणि सणासुदीला बाहेर काढून वापरावेत.

पुण्यातील अनेक जुन्या घराण्यांत बसऱ्याचे मोती आहेत. इराणच्या आखातातून पूर्वी येणारे हे नैसर्गिक मोती बसरा बंदरातील व्यापारामुळे त्या नावाने ओळखले गेले. एखादा मोती हरवला तर आकार आणि रंग जुळणारा दुसरा मिळणे फार अवघड असते, त्यामुळे असा दागिना गाठवायला देताना मोती मोजून, छायाचित्र काढून आणि संख्या पावतीवर लिहून घेऊनच द्यावा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगला कारागीर स्वतःच तुमच्यासमोर मोती मोजतो.

नथीची तार वारंवार तुटते. काय करावे?

नथीचे मोती सोन्याच्या बारीक तारेत गुंफलेले असतात. तीच तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर सोने कठीण होत जाते आणि शेवटी त्याच जागी तुटते. सोनार तार तापवून पुन्हा मऊ करू शकतो, परंतु त्यासाठी मोती आणि खडे उतरवावे लागतात, कारण मोत्याला ती आच सहन होत नाही. म्हणून नथ घालताना तार ओढून मोठी करू नये; फासा ज्या जागी उघडतो तेथेच तो उघडावा. नाक टोचलेले नसल्यास चापाची नथ घ्यावी, टोचायची नथ दाबून चापासारखी वापरू नये. नथीला कुंकू आणि पावडर लागते, ती कोरड्या मऊ ब्रशने झटकावी.

ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ धुता येतात का?

या तिन्हींकडे पाहताना आधी दोन गोष्टी तपासाव्यात : मणी भरीव आहेत की पोकळ, आणि ते तारेत आहेत की दोऱ्यात. बोरमाळेचे मणी बहुधा पोकळ असतात आणि दबू नयेत म्हणून त्यांत लाख भरलेली असते. गरम पाण्यात ही लाख मऊ होऊन छिद्रातून बाहेर येते, मण्यांवर पसरते आणि पुढे मणी सहज चेपतात. ठुशीचे बारीक मणी दाटीने गुंफलेले असल्यामुळे मानेचा घाम आतल्या दोऱ्यापर्यंत पोहोचतो आणि वाळायला फार वेळ लागतो. ती वापरानंतर उलटी करून, मागच्या बाजूने पंख्याचा वारा लागेल अशी ठेवावी. मागचा गोंडा मळला, कडक झाला किंवा त्याचे धागे सुटू लागले की पुढच्या लग्नाची वाट न पाहता बदलून घ्यावा, कारण गळ्यातला दागिना हरवतो तो बहुधा येथूनच.

गाठवून घेण्याचे काम पटवेकऱ्याचे आहे. पेठांमध्ये हे काम करणारे कुशल लोक अजून आहेत आणि त्यांची मजुरी दागिन्याच्या किमतीपुढे नगण्य असते. नेहमी वापरातला दोऱ्याचा दागिना वर्ष-दोन वर्षांनी आणि पेटीतला चार-पाच वर्षांनी गाठवून घ्यावा. मोत्यांच्या सरात प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगावी. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो.

मंगळसूत्र रोज गळ्यात असते. त्यात नेमके काय पाहावे?

वाट्यांना जोडणाऱ्या कड्या. साखळी आणि वाटी यांच्या मधली कडी सतत हलत राहते आणि आतून झिजते. वरून पाहिल्यास ती ठीक दिसते, पण बाजूला सरकवून पाहिले की एका जागी केसासारखी बारीक झालेली असते. वर्षातून एकदा भिंगाने हे पाहावे. काळे मणी ओवलेली तार जेथे वळते तेथे ती तुटण्याची शक्यता अधिक, म्हणून तीही पाहावी.

हिरव्या चुड्याबरोबर सोन्याच्या पाटल्या घातल्या तर चरे पडतात का?

होय. काच सोन्यापेक्षा बरीच कठीण असते, त्यामुळे पाटल्या आणि तोडे यांच्या मध्ये चुडा भरला की सोन्याच्या कडा घासल्या जाणारच. माझे मत असे की लग्नसमारंभासाठी हे खुशाल स्वीकारावे. पाटल्या त्यासाठीच घडवलेल्या असतात आणि चरे पुढे उजाळ्यात कमी होतात. मात्र जडावाच्या किंवा मीनाकामाच्या बांगड्या काचेच्या शेजारी नकोत. मीना हीसुद्धा काचच असते. तिचा टवका उडाला तर भरून काढणारे कारागीर थोडे आहेत. हिऱ्याच्या बांगडीलाही वेगळा हात द्यावा, कारण ती शेजारच्या सोन्याला आणि काचेला दोघांनाही कापते.

हिरा सर्वांत कठीण असतो, मग तो निस्तेज का दिसतो?

हिऱ्याचा पृष्ठभाग तेलकट पदार्थ चटकन धरून ठेवतो. हाताला लावलेली मलई, स्वयंपाकातले तूप, साबणाचा थर हे सर्व खड्याच्या मागच्या बाजूला साचते आणि प्रकाश आत-बाहेर होईनासा होतो. कोमट पाण्यात सौम्य द्रव साबण घालून मागून ब्रश फिरवला की तेज परत येते. कठीणता म्हणजे न फुटणे नव्हे : विशिष्ट दिशेने फटका बसला तर हिरा चिरतो. सर्वाधिक धोका असतो तो खडा पकडणाऱ्या सोन्याच्या बारीक टोकांना. अंगठीवर मऊ लोकरीचे कापड फिरवावे. धागा अडकला तर एखादे टोक वर आले आहे. कानाजवळ धरून हलकी टिचकी मारल्यास सैल खडा बारीक आवाज करतो. असे आढळल्यास अंगठी घालणे त्याच दिवशी थांबवावे.

पाचू, माणिक, पोवळे असे राशीचे खडे रोज वापरताना काय पथ्य पाळावे?

नीलम, पुष्कराज आणि माणिक एकाच कुटुंबातले, कठीणता ९. हे रोजच्या वापराला चांगले टिकतात. परंतु बाजारातल्या अनेक माणकांच्या भेगा काचेने भरलेल्या असतात आणि अशी काच लिंबाच्या रसानेही खराब होते, म्हणून खरेदी करताना खड्यावर कोणती प्रक्रिया केली आहे हे प्रमाणपत्रात पाहावे. पाचूत नैसर्गिक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंना तेल दिलेले असते. गरम पाणी, वाफ आणि दुकानातले अल्ट्रासॉनिक यंत्र यांनी ते तेल निघते व भेगा उघड्या पडतात. अंगठी स्वच्छ करायला देताना “पाचू आहे, यंत्रात घालू नका” असे स्पष्ट सांगावे. हेच मोती, पोवळे, ओपल आणि फिरोजा यांनाही लागू आहे. पोवळे मोत्याप्रमाणेच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, त्यामुळे त्याला आंबट आणि घाम सोसत नाही.

अंगठी प्रथम धारण करताना ती दुधात ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती अवश्य पाळावी, पण काही मिनिटांपुरती. नंतर लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. या अंगठ्यांचे कोंदण मागून उघडे असते आणि तेथे साचलेले दूध आंबते.

पोहताना, व्यायाम करताना आणि कणीक मळताना अंगठी काढावी का?

तिन्ही वेळी काढावी. तलावातील पाण्यात आणि फरशी पुसण्याच्या ब्लीचमध्ये क्लोरीन असते; ते चौदा-अठरा कॅरट सोन्यातील मिश्रधातूंवर, विशेषतः व्हाईट गोल्डवर, परिणाम करून सांधे ठिसूळ करते. व्यायामशाळेत लोखंडी दांडा धरताना अंगठी वाकते आणि खडा सैल होतो.

व्हाईट गोल्डची अंगठी पिवळट पडली. प्लॅटिनमचेही असेच होते का?

व्हाईट गोल्डवर ऱ्होडियमचा पातळ मुलामा असतो. तो झिजला की खालचा फिकट पिवळसर रंग दिसतो. अंगठीवर वर्ष-दोन वर्षांत असे होणे स्वाभाविक आहे आणि मुलामा पुन्हा देता येतो. प्लॅटिनम मूळचेच पांढरे असल्यामुळे पिवळे पडत नाही, त्यावर फक्त मंद छटा येते.

चांदीचे पैंजण आणि जोडवी काळी पडतात. सुरक्षित उपाय कोणता?

तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. साध्या चांदीसाठी एक चांगला उपाय आहे : भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरून त्यावर चांदी टेकवून ठेवावी, खाण्याचा सोडा आणि थोडे मीठ घालून गरम पाणी ओतावे. गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागेवरच राहते, त्यामुळे घासून धातू वाया जात नाही. काही मिनिटांनी काढून, विसळून, कोरडी करावी. खडे, मीना, लाख किंवा मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड नक्षी असेल तर हा उपाय करू नये. चांदीला रबर बँड लावू नये आणि ती लोकरीत गुंडाळू नये, कारण दोन्हींत गंधक असते. डब्यात खडूचे दोन तुकडे ठेवल्यास ओलावा शोषला जातो.

पावसाळ्यात दागिने कसे ठेवावेत?

जून ते सप्टेंबर पुण्याची हवा दमट असते आणि भिंतीतल्या कपाटात ओल येते. प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ पिशवीत किंवा कप्प्यात ठेवावा. एकाच डब्यात हिऱ्याची अंगठी आणि मोत्याची कुडी एकत्र ठेवल्यास मोत्यावर चरे पडतात. सोनार ज्या गुलाबी कागदात दागिना देतो तो घरी आणेपर्यंत ठीक आहे, पण ओल लागल्यास त्याचा रंग उतरू शकतो, म्हणून कायमच्या ठेवणीसाठी पांढरे, धुतलेले मलमल वापरावे. सिलिका जेलच्या पुड्या सोन्या-चांदीजवळ ठेवाव्यात, मोती आणि ओपलजवळ नकोत. कुंदनाच्या दागिन्यात ओल शिरली तर खड्यामागचा वर्ख काळा पडतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

लॉकरमधले दागिने बँकेने विमा उतरवलेले असतात का?

नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भाडे ३,००० रुपये असेल तर ही मर्यादा ३ लाख रुपये होते. बँकेचा निष्काळजीपणा नसताना पूर किंवा भूकंपाने झालेल्या हानीला ती जबाबदार नसते. १९६१ साली पानशेतच्या पुराने पेठांमध्ये काय केले हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. नदीकाठच्या शाखेत तळघरात लॉकर असेल तर वेगळा विमा घ्यावा आणि दागिने जलरोधक डबीत ठेवावेत. बँकेकडे आतल्या वस्तूंची नोंद नसते, म्हणून छायाचित्रे, वजने आणि बिले घरी वेगळी जपावीत. वर्षातून एकदा तरी लॉकर उघडून मोत्यांचे दोरे पाहावेत.

उजाळा किती वेळा द्यावा? घरी येणाऱ्या माणसाकडून देता येतो का?

यंत्रावर उजाळा देताना प्रत्येक वेळी थोडी घट होते आणि बारीक नक्षी बोथट होत जाते. रोजच्या बांगड्यांना दोन-तीन वर्षांनी एकदा पुरे. जुन्या कोरीव दागिन्याला तर केवळ धुणेच चांगले. दागिना देण्यापूर्वी आणि घेतल्यावर काट्यावर वजन करून पावतीवर लिहून घ्यावे. दारावर येऊन उजाळा देणाऱ्यांना दागिना कधीही देऊ नये. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात सोने विरघळते. अशा द्रवात दागिना बुडवून ते सोने चोरण्याची फसवणूक अनेकदा उघडकीस आली आहे.

थर्मामीटर फुटून सोन्याची अंगठी पांढरी झाली. आता काय?

पारा सोन्याशी लगेच मिसळतो. अंगठी घासू नये आणि घरी तापवू तर मुळीच नये, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते. झाकणाच्या बाटलीत घालून, काय झाले ते सांगून सोनाराकडे द्यावी.

दुरुस्तीला देताना काय विचारावे?

डाग देताना, म्हणजे तुटलेला भाग सांधताना, आच लागते, तेव्हा खडे आधी उतरवणार का, कोणत्या शुद्धतेचे डागाचे सोने वापरणार आणि एचयूआयडी खूण जेथे आहे तेथे घासकाम होणार का, हे तीन प्रश्न विचारावेत. कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे त्यांच्या बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांचे वजन आणि लाखेचे वजन वेगवेगळे लिहून घेणे अधिकच आवश्यक ठरते.

आजीचा हार दोन बहिणींमध्ये वाटायचा आहे. तोडावा का?

शक्य असेल तर तोडू नये. एकीने हार घ्यावा आणि दुसरीने त्या किमतीचे दुसरे काही. वाटायचाच असेल तर वितळवण्याऐवजी सर सुटे करून घ्यावेत. लक्ष्मीहार, पुतळीमाळ किंवा मोत्यांचे पदर दोन भागांत पुन्हा गाठवता येतात आणि जुनी घडण दोघींकडे शाबूत राहते. जडावाचे खोड वितळवले तर खड्यांमागचा वर्ख नष्ट होतो, पातळ खडे निघताना फुटतात आणि हाती फक्त सोन्याची किंमत उरते. सर सुटे करण्यापूर्वी संपूर्ण हाराचे वजन करावे, दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि नव्या गाठवणीनंतर प्रत्येक भागातील मण्यांची संख्या व वजन दोघींच्या पावत्यांवर स्वतंत्र लिहून घ्यावे.